गेरूचे डाग

हुसनाबी शिकलगारची तलवार बोथट होती.
टोकाला चिंधी, चिंधीला ओला गेरू.
समोरच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर
जितके डाग, तितके वार.

जालन्याची छावणी उठली तेव्हा
बापाकडे धारेला आलेल्या सात तलवारी
न्यायला कुणी आलंच नाही.
त्यातल्या एकीवर ती शिकली.
सहाणेचं चाक मारून मारून
पाय आधी तयार झाले,
हात मागून.

फसली तेराशे वीस. परभणीच्या उरुसात पहिला सामना.
मग सेलू, मानवत,
हिंगोलीत एका जमादाराच्या छातीवर अकरा डाग.
जमादार म्हणाला, पाय घसरला.
पुढची नऊ वर्षं
मराठवाड्यात फार पाय घसरले.

तिचा झंपर मात्र पंच जवळून तपासायचे.
डाग नसला
की तपासणी आणखी लांबायची.
तिनं काळा झंपर शिवला.
"आता दिसणार कसं?"
"लागला तर मी सांगीन."
आणि सांगायची,
"लागला!"
उरुसाच्या पार त्या टोकाला, रेवडीवाल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

मी पाहिली ती म्हातारी,
आठवडी बाजारात विळ्यांना धार लावताना,
उजवा खांदा डाव्यापेक्षा अजून जरा पुढे.
माझ्याच विळ्यानं तिचं बोट कापलं.
मी घाबरून चिंधी शोधायला लागलो.
"लागला!" ती खणखणीत म्हणाली.
भाजीवाल्यांनी वळून पाहिलं.
मग चाकाला पाय लावत
तिनं माझ्याकडे दोन पैसे मागितले.