क्रम बदलू नये

हुपरीकर सरांची बिल्ड-फाइल उघडली
की सातव्या ओळीवर त्यांची पाटी:
‘खालील क्रम बदलू नये. कारण विचारू नये.’

सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
पाषाणच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
मी त्यांच्या विहिरींना पायथनशी बोलायला लावतेय.
भोर-वेल्ह्याच्या विहिरी, त्यांनी सीमध्ये बांधलेल्या;
पस्तीस वर्षांचं पाणी,
मीटर, सेंटिमीटर.

कंपायलर काही बोलत नाही.
लिंकर मुकाट मान डोलावतो.
मॉड्यूल होतं तयार, अंगापिंडानं धड,
आणि इम्पोर्ट म्हटलं
की उंबऱ्यातच आडवं:
तळ_मोज? या नावाचं इथे कुणी राहत नाही.

अहो, शेजारच्याच लायब्ररीत राहतं ते!

कंपायलरची आवृत्ती बदलली.
बत्तीस की चौसष्ट, तेही पाहिलं.
बिल्डची डिरेक्टरी पुसली दोनदा,
दुसऱ्यांदा नुसत्या रागानं.
सायरा बागवान हेल्मेट चढवता चढवता म्हणाली,
‘पाथ बघ.’ पाथ बघितला.
सुतारवाडीची कुत्री एकमेकांना उत्तरं देऊ लागली
तेव्हा मी एनएमनं मॉड्यूलचं पोट उघडलं.

नावांची लांबच लांब यादी.
तळ_मोजच्या आधी एकच अक्षर, यू.
वरून उघडं,
रिकाम्या वाटीसारखं.
म्हणजे मागितलंय. वाढलेलं नाही.

सव्वादहाला फोन केला.
‘क्रम बदललास?’
‘नाही, सर.’
आणि मग जीभ चावली.
गेल्या महिन्यात आवराआवरीच्या भरात मीच
सगळ्या लायब्रऱ्या वर्णानुक्रमे लावल्या होत्या, वर,
किती छान दिसतंय म्हणत.

‘लिंकर डावीकडून उजवीकडे जातो,’ सर म्हणाले,
‘एकदाच. लायब्ररीच्या दारात पोचेपर्यंत
तिच्यातलं ज्याला कुणी विचारलेलं नसतं
त्याला तो सोबत घेत नाही.
पुढे गेल्यावर कितीही हाका मारा,
मागे वळत नाही.’

‘मग एवढं लिहायचं ना तिथे!’

‘ऐंशी अक्षरांत बसत नव्हतं.’

लायब्ररी उचलून शेवटी ठेवली.
यू गेला, टी आला.
इम्पोर्ट म्हटलं, तर काहीच घडलं नाही.
इतकं छान काहीच न घडणं
कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

सरांची पाटी तशीच ठेवली.
खाली माझी एक ओळ:
‘कारण विचारले. मागणारा आधी, देणारा नंतर.’
मोजली. बसली ऐंशीत.

मग विहीर क्रमांक चार उघडली.
सप्टेंबर एक्क्याण्णव: दोन मीटर दहा.
जानेवारी: सहा मीटर चाळीस.
एप्रिल: कोरडी.

मी सवयीनं चूक शोधायला लागले.
चूक नव्हती.