पांढऱ्यावर काळं

खाणीच्या कचेरीनं मोडीत काढलेला प्रोजेक्टर
नारिनहून जीपनं आला, बटाट्यांच्या पोत्यावर बसून.
मेन्यू कोरियन.
नुसत्या चौकटी, गोल, आडव्या-उभ्या काड्या.
एक बटण दाबलं, चित्र उलटं झालं.
दुसरं दाबलं, वर्ग गुडूप अंधारात,
आणि मागच्या बाकावरून एर्नार म्हणाला,
"बाई, काय उजेड पाडलात!"

हसले सगळे. मीही.

खिडक्यांवर दोन शिर्दाक टांगलेत,
तरी नमद्याच्या कडेनं
अंगणातल्या बर्फावरचं ऊन आत शिरतंच.
भिंत फिकट हिरवी, सोव्हिएत काळातली;
साबिरा आपा दर सप्टेंबरात पुसते, रंगवत नाही.
तिच्यावर पांढरं काही पांढरं दिसत नाही.
कोंबडीचं अंडंसुद्धा आजारी वाटतं.

सेझिम उठून आली.
तिची आई इंचॉनला, मासे डबाबंद करते, चौथं वर्ष.
पार्सलांवरून, सूपच्या पाकिटांवरून
पोरगी ती अक्षरं लावायला शिकली, कुणी न शिकवता.
"हा उजळपणा. हे गडद-फिकं.
आणि हे, बाई, भिंतीचा रंग विचारतंय."

सव्वीस वर्षं शिकवतेय.
इतकी यंत्रं आली, भिंतीचं कुणी विचारलं नव्हतं.
हिरवा, म्हटलं.
आणि बर्फ बर्फासारखा झाला.

चित्र सुपासारखं, वर पसरट, खाली निमुळतं.
मागच्या पायाखाली बीजगणिताचं पुस्तक,
कीस्टोन उणे सहा,
सुपाची चौकट झाली.

धडा हिमनदीचा. आमच्याच, गावामागच्या.
एक फोटो एकाहत्तरचा, कुणा मोजणीदारानं काढलेला;
दुसरा मी काढला, ऑगस्टात, त्याच खडकावरून,
झुमाकादिर घोडं धरून उभा असताना.

मागच्या बाकालाही दिसावं
म्हणून उजळपणा ऐंशीवर.
दोन्हीकडे बर्फच बर्फ.
खडक विरले, दगडगोट्यांचा राखाडी उतार विरला,
शेजारीशेजारी दोन गोऱ्यापान दऱ्या.
"मग गेलंय काय?" एर्नार.

सत्तर.
साठ.
पांढऱ्याच्या खालून काळं झिरपायला लागलं.
बेचाळीसला माझा अंगठा थांबला.
डावीकडची नदी होती तशी.
उजवीकडे
मेजवानी उठल्यावर ताटात उरतात ना हाडं,
तसे दगड.

पहिल्या बाकावरची बेर्मेत हळूच म्हणाली,
"वाढवा ना परत."

आणि मी वाढवला.
खरं सांगते, वाढवला.
बर्फ उतरत आला, एकेका दगडावर पांघरूण घालत,
एका अंगठ्यात पन्नास हिवाळे,
आणि पोरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.
झुमाकादिरचा घोडासुद्धा बुडाला त्यात, कानांपर्यंत.

त्या कानांकडे बघून मग मला लाज वाटली.
पांढऱ्यावर काळं करणं हाच तर आमचा धंदा;
त्याचाच पगार घेते, उशिरा का होईना.
परत बेचाळीस.

सेझिम माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आईचं पण असंच होतं.
फोनवर ती ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसते.
इतकी उजळ, की डोळ्यांखालचं काहीच दिसत नाही."

मला यावर बोलता आलं असतं.
मी रिमोटची पाठ बघत राहिले, तिथे सेलोटेपनं चिकटवलेलं झाकण.

भिंतीवर दोन चौकटी उमटल्या.
"ठेवायचं का, विचारतंय," ती म्हणाली.
कुठली 'हो' ते तिलाच ठाऊक.
तिनं एक दाबली.

उद्या पहिल्या तासाला गणिताचे सर येतील,
पुस्तक पायाखाली कुणी घातलं म्हणून ओरडतील,
आणि अपूर्णांक नीट दिसावेत म्हणून
सगळं पुन्हा शंभरावर नेतील.

शिर्दाक उतरवताना बघितलं तर
डोंगर खिडकीत होता,
आणि ऊन इतकं, की
किती उरलाय ते कळेना.