मदतीचं माप

डेल्फीन अझूर म्हणाली, आधी वायर काढून बघ.
एवढंच. कार्ब्युरेटरवरनं मान न उचलता.
बावीस वर्षं तिनं शाळेच्या बसगाड्या जिवंत ठेवल्या,
आता तिच्या शेडमध्ये कोंबड्या आणि इंजिनं
एकाच जाळीमागे नांदतात.

ट्रक माझा चौऱ्याण्णवचा.
रंग होता तेव्हा पांढरा म्हणायचे.
मैलांचा आकडा दोन लाख एक्केचाळीस हजारांवर थांबला
त्यालाही तीन हिवाळे झाले.

नवा होता तेव्हा हुशार होता:
अंगणात वळवताना स्टिअरिंग लोण्यासारखं,
हमरस्त्याला लागलं की जरा घट्ट.
वेग बघून हात द्यायचा,
वेग बघून हात आखडता घ्यायचा.
दांड्याच्या बुडाशी एक चकती, पंपाच्या पाठीला एक झडप,
दोघींचं आपसात ठरलेलं,
याला आत्ता किती मदत करायची.

चकती झिजली.
झडपेला काय सांगावं तिला कळेना.
ऑगस्टात मध्यरात्री, क्लोव्हरच्या रानातून
मधमाश्यांच्या बत्तीस पेट्या घेऊन निघालेलो
(हलवायच्या त्या रात्रीच, सगळ्या घरी असताना)
आणि ताशी साठ मैलांना स्टिअरिंगचं
हातातल्या हातात पाणी झालं.
ट्रक डावीकडे. मी उजवीकडे.
ट्रक माझ्याहून उजवीकडे.
मागे बत्तीस घरांतून एकच सूर चढला,
तो मी कानांनी नाही, मणक्यानं ऐकला.
दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारापाशी वळताना
तेच स्टिअरिंग असं अडून बसलं
जणू मी त्याचं काही देणं लागत होतो.

वायर काढल्यावर निम्मं दुखणं गेलं.
उरलेलं झडपेत होतं, काळ्या तेलात रुतलेलं.
एक इंची पाना लागला,
त्याला पाईप जोडून दोघांना लोंबकळावं लागलं.
तेल कॉफीच्या डब्यात; डब्याबाहेर जास्त.
डेल्फीननं पक्कडीनं ओढून काढली ती कळ,
मसुरीएवढं डोकं, टाचणीएवढं अंग,
तळहातावर ठेवून म्हणाली,
हा बघ, ऑरिन, तुझा हिशेबनीस.

त्याच्या जागी भंगारातल्या एका शहाऐंशीच्या ट्रकची
साधी तोटी. तिला काही कळत नाही.
तेल येतं, तेल जातं.

मी तेव्हा टॉर्स्टनबद्दल सांगायला लागलो:
पोरगा फार्गोहून आठवड्यात तीनदा फोन करतो,
मग सहा आठवडे नाही,
मग एकदम दोन हजार डॉलर पाठवतो,
का ते सांगत नाही.
ती म्हणाली, दिवा इकडे धर.

शेवटचा आटा तिनं मला पिळायला दिला.
पैसे घेतले नाहीत.
मधाच्या दोन बरण्या नेल्या होत्या,
एक परत केली.
आता सगळा वेळ सगळी मदत, म्हणाली.
हमरस्त्यावर जास्त होईल.
तिथं तूच कमी घे.

हे मला यायला सप्टेंबर उजाडला.
कॅनडाकडून वारा आडवा येतो
तेव्हा माझी मूठ अजून पहिल्यांदा आवळतेच.
मग आठवतं: पेटीतली चौकट उचलतो तसं.
घट्ट धरलं की माश्या चिरडतात,
सैल धरलं की चौकटच जाते.
डेल्फीनला हे सांगितलं नाही,
ती पुन्हा दिवा धरायला लावेल.

काल रोलाच्या अलीकडे, थांब्याच्या पाटीपाशी
डंखानं सुजलेला उजवा पंजा मिटतच नव्हता.
डाव्या हाताच्या दोन बोटांनी वळवला ट्रक,
भरलेला, पूर्ण.
ॲशट्रेत ती कळ खडखडली.
मागच्या एखाद्या पेटीचं झाकण नीट बसलं नसावं,
एक माशी कुठूनशी आत येऊन
समोरच्या काचेवर चढत होती, घसरत होती.
मी थांबलो. खिडकी खाली केली.
गेली नाही.