कोरडा दिवस

बेल वाजली तेव्हा मी चष्मा शोधत होते.
दारात खाकी शर्ट, बगलेत रजिस्टर,
भर दुपारी हातात विजेरी.
"कीटकनाशक विभाग, मॅडम. पाणी तपासायचंय."

एकतीस वर्षं माटुंग्याच्या कॉलेजात
मी राज्यशास्त्र शिकवलं. दुसरं वर्ष, दुसरं सत्र:
माणसाचा उंबरठा ही सत्तेची शेवटची पायरी,
तिथे तिनं चपला काढून बाहेर थांबायचं.
मुलं लिहून घ्यायची. पाच गुणांना यायचं.

त्यानं चपला काढल्या
आणि आत आला.

फ्रिजमागचा ट्रे, बाल्कनीतल्या ताटल्या,
ह्यांच्या फोटोशेजारची मनी प्लांटची बाटली.
झोत बाटलीत शिरला तसे पाण्यात हलले
कुठल्याशा न तपासलेल्या पेपरातले स्वल्पविराम.
"आडवे पडले तर मलेरियाचे.
हे तिरके लटकलेत. डेंग्यूवाले,"
म्हणाला, जसं कुणी सांगावं, हे आमचे कोकणातले.

नाही म्हटलं असतं तर?
"तर नोटीस. मग कोर्ट. पण आधी हात जोडतो, मॅडम.
इकडं हात जोडायची ऑर्डर आहे."

इकडं.
मी त्या शब्दाखाली मनातल्या मनात लाल रेघ ओढली.

दिगंबर खरटमल. कंत्राटी, रोजावर.
राहायला मानखुर्दच्या पुढे, खाडीला लागून.
"आमच्याकडं बेल नाय. दारबी नाय तसं, पडदा.
ताटात भाकर असली तरी धूर सोडून जातात.
कधी कधी मीच सोडतो. माझ्याच घरात."
आणि पाणी?
"कनेक्शन नाय. कटऑफच्या नंतरचे आम्ही.
धुराला पात्र, पाण्याला अपात्र."
हसला. "डास कुठं कटऑफ मानतो?
आमच्यात ताप आला की आकडा अख्ख्या वॉर्डाचा चढतो."

मला माझं नोट्सचं कपाट आठवलं.
स्वातंत्र्य, संमती, कमीत कमी शासन,
प्रत्येकाला वेगळी फाईल, वेगळी नाडी.
लोकसंख्या तेवढी आम्ही
भूगोलवाल्यांकडे ढकलून दिली होती.

दार मी व्यक्ती म्हणून उघडलं होतं.
त्यानं लिहिलं: घर १, भांडी ७, दूषित १.
आणि खरं सांगते, राग आला नाही.
बरं वाटलं.
हे गेल्यापासून सहा वर्षांत
माझ्या घरातली भांडी कुणी मोजली नव्हती.

"मोरीत ओतू नका, तिथं जगतात. गच्चीवर, उन्हात."
ओतलं. तापलेल्या लाद्यांवर
ते थोडे वळवळले, मग नुसता ओला डाग,
मग डागही नाही.
कुणीही ओरडलं नाही. खाली भाजीवाला
कोथिंबिरीचा भाव सांगत होता.
सत्ता इतकी शांत असू शकते
हे मी कधी शिकवलंच नाही.

"गुरुवारी येतो. हप्त्यातून एक दिवस कोरडा पाळा,
सगळी भांडी रिकामी करून पालथी."
मग दाराकडे बघत, मला उद्देशून नव्हे:
"आमच्याकडं सातबी कोरडेच."

जाताना पिशवीतून बाटली काढली. भरून घेऊ का?
ती भरल्यावर दुसरी. मग तिसरी.
पिशवीत अजून होत्या.
नळ वाजत राहिला. मला काहीतरी म्हणायचं होतं,
हक्क, असा काहीसा शब्द होता,
पण पाण्याच्या आवाजात तो फार छापील वाटला.

पाचवीचं झाकण त्यानं घट्ट लावलं,
सवयीनं रजिस्टर उघडलं, पेन काढलं,
आणि बघत राहिला.
त्याला रकाना नव्हता.

दारामागच्या कार्डावर तारीख टाकून
सही करून गेला.