गडी कल्लु

मोजणीदार बैलहोंगलचा.
नंदगडाच्या अलीकडे आमच्या उसात
साखळी खाली टाकून तात्यांना म्हणाला,
'गडी कल्लु एल्लि?'

'एल्लि' म्हणजे कुठं, एवढं तात्यांना कळायचं,
बाजारात लागतंच ते.
बाकीचं त्यांनी मराठीत ऐकलं
आणि पाटाचं पाणी वळवणाऱ्या
आमच्या गड्याला हाक घातली:
'कल्लाप्पा, साहेब तुलाच विचारतायत!'

तो आला. घोट्यापर्यंत चिखल.
बांधावर उभा राहिला, हात जुळवून,
त्याच्यापासनंच मोजायला घ्यावं तसा.
मोजणीदार पोट धरून हसला.
गडी म्हणजे शीव हो, कल्लु म्हणजे धोंडा.
शिवेचा दगड विचारतोय मी.

दगड काही सापडला नाही.
कल्लाप्पाला दोन्ही भाषा येतात,
हे मला घरी आल्यावर आठवलं.

रात्री कोशात 'शीव' काढली.
शीव, तिच्या मागे सीमा,
तिच्याही मागे एक जुना सीमन्:
केसांतला भांग.
म्हणजे आधी कुणाचे तरी केस विंचरून झाले,
जमिनीची पाळी मागाहून आली.

सकाळी विळा मागायला गेलो
तर कल्लाप्पाच्या दारात गंगव्वा
धुण्याच्या धोंड्यावर बसून
थोरलीचा भांग पाडत होती.
धोंड्याच्या कडेला सरकारी फुली,
साबणानं गुळगुळीत झालेली.
पोर वळवळली. रेघ वाकडी गेली.

मी फुलीकडं बघतोय हे तिनं बघितलं.
'ऱ्हाऊ दे,' म्हणाली,
पोरीला की मला कोण जाणे,
'वेणीत झाकतंय.'