पत्रा

सरनोबत साहेबांना विचारल्याशिवाय
ढगपण सरकत नाही, असं आम्ही म्हणायचो.
खरं म्हणजे ढग सरकायचाच नाही.
आम्ही थांबायचो, कळंब्याच्या बांधावर
पन्नास माणसं, दोन बैल, वाळत चाललेल्या भाकरी,
आणि घड्याळ बघून घाम पुसणारा निर्माता.

हिरॉइनच्या चोळीचा टाका ते स्वतः उसवायचे, स्वतः घालायचे.
दाराचा निळा रंग सात वेळा खरवडून घेतला.
सुतार वैतागला, "कुणाला दिसणार हाय, साहेब?"
"मला."

मी पत्रा धरायचो. एकतीस वर्षं.
"खाली घे. अजून. हनुवटीवर नको रे,
ती जे बोलणार नाही त्याच्यावर पाड."
म्हणजे कुठं, ते कधी कळलं नाही.
पण पडायचा उजेड.

स्टुडिओ विकला त्या दिवशी पत्रा सायकलला बांधून आणला,
शेळीच्या खोपटाला कूड म्हणून लावला.
चांदी उडालीय. तरी पाचच्या सुमारास
ऊन त्यावर आपटून शेळीच्या तोंडावर येतं.
ती रवंथ थांबवते.
माझा हात जातो, पत्रा इंचभर कलवतो.

आता 'कट' म्हणावं.
म्हणवत नाही.
तो शब्द त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता.
शेळी जरा वाट बघते,
मग चघळायला लागते.