बावन्न सेकंद

आठ तुकडे आहेत. नावं आणि मिनिटं तेवढी जाहीर झालीत.
बाकी सगळं गुरुवारची रात्र सरून शुक्रवार लागताना, बाराला.

पाचवा फक्त बावन्न सेकंदांचा.
बावन्न सेकंदांत पियानो, बास आणि ड्रम्स
एकमेकांना काय सांगणार?
मी हॉटेलच्या लिफ्टला घड्याळ लावून पाहिलं :
तळघरातल्या लाँड्रीपासून एकोणिसाव्या मजल्यापर्यंत
बरोब्बर बावन्न,
मध्ये कुणी चढलं नाही तर.

मनामात ऑगस्ट. रुतूबा ब्याण्णव टक्के.
फिरतं दार फिरतं, समुद्र आत शिरतो,
लॉबीतल्या पियानोचं लाकूड फुगतं
भिजत घातलेल्या मटकीसारखं, मुकाट.
मंगळवारी लावलेला सूर गुरुवारी चढून बसलेला.
मी मिरजेचा. पेट्यांचे सूर लावत मोठा झालो.
इथे हातात किल्ली, कानात चारशे चाळीस,
आणि एकाच स्वराच्या तीन तारा
आपसात भांडायच्या थांबेपर्यंत ओणवा.

या तिघांचा नाद नेस्तोरनं लावला.
तो आठ ते अकरा या पियानोवर बसतो,
रोज कुणाकुणाचे चार वाढदिवस वाजवतो.
सुट्टीत आम्ही पार्किंगमागे,
एसीचं पाणी ठिबकतं तिथे.
इअरफोनचं एक टोक त्याला, एक मला.
त्याच्याकडे उजवा हात, माझ्याकडे डावा.
अख्खा पियानो दोघांपैकी कुणीच ऐकलेला नाही.

चार वर्षांनी काढतायत.
ड्रमर बदललीय. नवी मुलगी ब्रश असे फिरवते
की शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडतंय.
एक तुकडा आधी सोडलाय, तो बत्तीसदा ऐकून झाला.
त्यात एका जागी पियानो थांबतो,
बास येत नाही, मुलगीही हात उचलून,
आणि कुणाची तरी खुर्ची करकरते.
ती त्यांनी काढून टाकलेली नाही.
माझा सगळा भरवसा त्या करकरीवर.

काल नेस्तोरला कागद मिळाला.
लॉबीत आता स्पीकर बसणार.
विमान गुरुवारी, अकरा पंचावन्न.
“पाच मिनिटांनी हुकलं,” म्हणाला,
आणि हसता हसता
पियानोच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत राहिला,
जी नव्हतीच.

मग ठरलं ते असं :
तो मनिलात उतरेल, बॅगा घेईल, बायकोला भेटेल,
दाराच्या चौकटीला पोरीची उंची मोजेल,
मग मला मेसेज टाकेल.
तोवर मी हात लावायचा नाही.
म्हणजे दुपार तर नक्कीच.
साऱ्या जगाकडे आलेलं असेल,
माझ्याकडेही आलेलं असेल,
खिशात, न उघडलेलं.

पियानो न्यायला माणसं शनिवारी येतील.
तरी गुरुवारी रात्री मी तो लावून ठेवणार आहे,
नमद्याची पट्टी तारांत घालून, वरच्या सप्तकापर्यंत.
बारा वाजता किल्ली पिशवीत टाकेन,
तळघरात जाईन
आणि एकोणिसावं बटण दाबेन.

चौथ्यावर बहुतेक रूम सर्व्हिसचा थापा चढेल,
ट्रॉलीसकट.